ब्रेकचं आणि क्लचचं ऑइल एकच आहे, मुक्ता

चि. मुक्ता हिस,


गाडीचे फोटो मिळाले. व्हिडिओ पुन्हा पुन्हा ऐकला. सकाळी गार गाडीत रिव्हर्स निमूट पडतो, चढ चढून आल्यावर करकरतो, आणि पेडल दोन-तीनदा भराभर मारलं की पुन्हा नीट पडतो, असं तू लिहिलं आहेस. यातली तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. पेडल मारल्यावर फरक पडतो, म्हणजे दोष बहुधा ऑइलमध्ये, ऑइलमध्ये शिरलेल्या हवेत, नाहीतर सिलिंडरच्या रबरात आहे. इंजिनचा आवाज चढतो पण गाडी ओढत नाही, असं तू लिहिलं असतंस, तर ती प्लेट घासल्याची खूण झाली असती. तिथे ऑइल कितीही वेळा बदललंस तरी काही उपयोग होत नाही, गिअरबॉक्स खाली उतरवावाच लागतो. तुझ्या गाडीचं तसं दिसत नाही.

तेव्हा तू आणि सौरभराव मिळून हे काम घरीच करायचं म्हणता, ते करा. मला मनापासून आवडलं. फक्त एक गोष्ट आधी मनात पक्की बसू दे, म्हणजे बाकीचं पत्र का लिहितोय ते कळेल. तुझ्या गाडीत क्लचला वेगळा डबा नसावा. बॉनेट उघड आणि ब्रेक ऑइलचा डबा बघ. त्याच्या अंगातून, जरा वरच्या बाजूनं, एक बारीक रबरी नळी क्लचच्या वरच्या सिलिंडरकडे जाताना दिसली, तर दोन्हींचं ऑइल एकाच डब्यातून जातं. क्लच बिघडला तर तू रस्त्याच्या कडेला थांबशील, एवढंच. ब्रेक गेला तर काय होतं ते मी तुला लिहायला नको. क्लचचं काम करताना तुझा हात ब्रेकच्या ऑइलमध्ये असतो, हे ऑइल-हवा बाहेर काढायचा शेवटचा निपल घट्ट होईपर्यंत विसरू नकोस.

ती नळी वरच्या बाजूला जोडण्यात बनवणाऱ्याचं शहाणपण आहे. क्लचकडे कुठे गळती लागली, तर डब्यातलं ऑइल त्या तोंडापर्यंतच खाली येतं. त्याखालचं ब्रेकसाठी राखलेलं राहतं. म्हणून काम करताना पातळी त्या तोंडाच्या खाली गेली तर क्लचमध्ये हवा शिरेल, ती काढता येते. आणखी खाली गेली तर हवा ब्रेकमध्ये शिरेल, आणि मग ती गाडी जागेवरून हलवायची नाही.

तुझ्या गाडीबद्दल मी एवढ्या विश्वासानं लिहितो, त्याला कारण आहे. तुझी हायमर ज्या मर्सिडीजच्या सांगाड्यावर बांधली आहे, ती टी-वन १९७७ ते १९९५ या काळात निघाली, आधी ब्रेमेनला आणि नंतर ड्युसेलडॉर्फला. तीच गाडी आपल्याकडे १९८७ साली टेम्पो ट्रॅव्हलर म्हणून आली. ती काढणाऱ्या बजाज टेम्पोलाच २००५ पासून फोर्स मोटर्स म्हणतात. ओएम ६१६ घराण्याचं डिझेल इंजिन तिकडेही होतं, इकडेही. वाईहून पसरणी घाट चढणाऱ्या, पावसाळाभर कोकणात जाऊन येणाऱ्या ट्रॅव्हलरच्या खाली माझं आयुष्य गेलं. तुझ्या फोटोतलं गिअरबॉक्सचं तोंड ओळखायला मला वेळ लागला नाही. तरी दोन्ही गाड्या वर्षागणिक वेगळ्या होत गेल्या आहेत, म्हणून पान्याची मापं आणि ऑइलची जात तुझ्या गाडीच्या पुस्तकातून आणि डब्याच्या झाकणावरून घे, माझ्या आठवणीतून घेऊ नकोस.

आता हे ऑइल खराब का होतं ते सांगतो. तू पेडल दाबलंस की वरचा सिलिंडर ऑइल ढकलतो, ते नळीतून खालच्या सिलिंडरमध्ये जातं, तिथला दांडा फोर्कला रेटतो, फोर्क बेअरिंगला, आणि प्लेट सुटते. पेडल सोडलं की तेच ऑइल मागे येतं. ते फिरत नाही, मुक्ता. क्लचची नळी म्हणजे पुढे भिंत असलेला बोळ आहे. खालच्या सिलिंडरमधलं ऑइल वर्षानुवर्षं तिथेच राहतं, गिअरबॉक्सच्या आणि एक्झॉस्टच्या धगीत. रबर झिजून त्याची काळी पूड त्यात मिसळत जाते. वरून डब्यात बघावं तर ऑइल मधासारखं स्वच्छ दिसतं, आणि खाली निपल उघडला की काळं पाणी येतं.

शिवाय हे ऑइल हवेतलं बाष्प ओढून घेतं, तो त्याचा स्वभावच आहे. डब्याच्या झाकणाच्या श्वासातून आणि रबरी नळ्यांच्या अंगातून पाणी हळूहळू आत येतं. कोरडं, ताजं डॉट ४ ऑइल निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की हीच हमी १५५ अंशांवर येते. चढावर, गर्दीत, हाफ क्लचवर रांगताना खालचा सिलिंडर तापतो. मुरलेल्या पाण्याची किंवा आधीच अडकलेल्या हवेची फुगी तिथे तयार झाली, की पेडलचा जोर फोर्कपर्यंत पोचायच्या ऐवजी ती फुगी दाबण्यात जातो. प्लेट पुरती सुटत नाही आणि रिव्हर्स ओरडतो. गाडी गार झाली की फुगी आकसते आणि सगळं ठीक वाटायला लागतं. तुझ्या गाडीत गार असताना आणि तापल्यावर जो फरक आहे, त्याचा उलगडा बहुतेक हाच.

हायमरसारख्या फिरत्या घराला आणखी एक त्रास असतो, रोजच्या गाडीला तो नसतो. ते महिनोन् महिने उभं राहतं. हिवाळाभर पिस्टन एकाच जागी, पाणी मुरलेलं ऑइल एकाच जागी, आणि सिलिंडरच्या आत ज्या भागात रबर कधी पोचत नाही तिथे गंज धरतो. गॅरेजवाले दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलतात तेव्हा चारही चाकांचे निपल उघडतात आणि क्लचचा पाचवा निपल पुष्कळदा तसाच राहतो. गाडीच्या जुन्या बिलांत ब्रेक ऑइल बदलल्याच्या नोंदी आहेत म्हणतेस, पण त्यात क्लचचा उल्लेख आहे का ते बघ. नसेल तर खालचं ऑइल फार जुनं आहे असं धरून चाल.

सामान आणायला जाशील तेव्हा ऑइल सीलबंद डब्यातलंच घे. अर्धा लिटर भरपूर झालं, क्लचच्या नळीत आणि सिलिंडरमध्ये मिळून ऑइल थोडंच असतं. झाकणावर डॉट ४ लिहिलं असेल तर डॉट ४ घे. डॉट ५ हे आकड्यानं वरचं वाटतं म्हणून उचलू नकोस. ते सिलिकॉनचं असतं आणि तुझ्या ऑइलमध्ये मिसळत नाही. डॉट ५.१ हा त्याहून वेगळा प्रकार, तो डॉट ४ च्याच जातीचा आहे, पण तुला त्याची गरज नाही. सौरभरावांच्या कपाटातला मागच्या वर्षीचा उघडा डबा वापरायचा नाही, तो कितीही भरलेला दिसला तरी. त्यानं एव्हाना हवेतलं पाणी पिऊन ठेवलेलं असतं.

आणि डिझेल, पेट्रोल, इंजिन ऑइल यांतला एक थेंबही या कामाच्या जवळ येऊ देऊ नकोस. आपल्याकडच्या गॅरेजात पोरं हातातली प्रत्येक वस्तू डिझेलमध्ये बुडवून पुसतात, आणि त्याच चिंधीनं ब्रेकच्या डब्याचं झाकण पुसतात. यावरून मी कित्येक मुलांवर ओरडलो आहे. या रबरांना खनिज तेल चालत नाही. ती फुगतात, मऊ पडतात, सिलिंडरमध्ये अडकतात. डबा एक असल्यामुळे ती घाण ब्रेकच्या रबरांपर्यंत जाते, आणि मग नुसतं ऑइल काढून भागत नाही, सगळी रबरं बदलावी लागतात. नवी, धागे न सुटणारी फडकी आण. डब्याभोवतीची धूळ झाकण उघडायच्या आधी पूस. हातमोजे घाल, डोळ्यांना चष्मा लाव. हे ऑइल रंगाला खातं, तेव्हा पत्र्यावर सांडलं तर लगेच भरपूर पाण्यानं धू.

बाकी निपलवर घट्ट बसणारी पारदर्शक नळी, एक स्वच्छ बाटली, एक मोठी नवी सिरिंज आणि निपलच्या मापाचा सहा बाजूंचा रिंग पाना एवढं पुरतं. उघड्या तोंडाच्या पान्यानं जुना निपल धरू नकोस, कोपरे झिजून गोल झाले की काम तिथेच थांबतं.

जागा कुठली ते नीट ठरव. तुमच्याकडे रस्त्यावर गाडी लावून ऑइलची कामं करू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. घराचं अंगण नसेल तर तासावर लिफ्ट भाड्यानं देणाऱ्या कार्यशाळा जर्मनीत आहेत, त्यांना मीटवेर्कश्टाट म्हणतात ना? तुझ्या पहिल्या वेळेसाठी मला तीच जागा पसंत आहे. सपाट फरशी, उजेड, आणि अडलंस तर विचारायला शेजारी कुणीतरी. मात्र आधी गाडीची उंची आणि वजन सांगून त्यांची लिफ्ट चालेल का ते विचार, फिरतं घर प्रत्येक लिफ्टवर चढत नाही. आणि शनिवारी सकाळीच सुरू कर. रविवारी दुकानं बंद असतात, निपल तुटला तर सोमवारपर्यंत बसून राहशील.

लिफ्ट नसेल तर गाडी उचलायचीच कशाला? टी-वन जमिनीपासून बरीच उंच आहे. आडवं पडून हात निपलपर्यंत पोचतो का ते आधी बघ. उचलावीच लागली, तर नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली जायचं नाही. वजन पेलणाऱ्या घोड्या लावायच्या, गाडी हलवून बघायची, मगच खाली शिरायचं. एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही: गाडी गिअरमध्ये ठेवून तू खाली गेलीस आणि सौरभरावांनी वर क्लच दाबला, की त्या क्षणी गिअर गाडीला धरून राहत नाही. म्हणून हँडब्रेक ओढायचा आणि चाकांना पुढून-मागून भक्कम ठोकळे लावायचे. किल्ली काढून तुझ्या खिशात ठेव. एक्झॉस्ट पूर्ण गार झालेला असू दे.

आता काम. आदल्या दिवशी निपलच्या आजूबाजूची माती तारेच्या ब्रशनं काढ, रबरी टोपी काढून पूस, आट्यांवर गंज सोडवणारा स्प्रे थोडासा मार. भोकात जाऊ देऊ नकोस, आणि काम सुरू करायच्या आधी तोही पुसून काढ. निपल सोडवताना आधी किंचित घट्ट कर आणि मग उलट फिरव. एवढ्यानं गंज मोडतो. तरीही तो दाद देत नसेल, पाना वाकेल इतका जोर लागत असेल, तर थांब. निपल मोडला तर खालचा सिलिंडर बदलावा लागतो, म्हणून तो दुकानात मिळतो का ते आधीच विचारून ठेव.

डब्यातलं जुनं ऑइल सिरिंजनं ओढून काढ, पण त्या क्लचच्या तोंडाच्या वरपर्यंतच. ताजं ऑइल भर. खाली निपलवर नळी चढव, तिचं दुसरं टोक बाटलीतल्या थोड्या ताज्या ऑइलमध्ये बुडलेलं ठेव. सौरभरावांनी पेडल हळू दाबायचं आणि मोठ्यानं “दाबलं” म्हणायचं. तू निपल उघडायचा, ऑइल येईल, पेडल खाली जाईल. ते खालीच धरलेलं असताना तू निपल बंद करायचा आणि “सोड” म्हणायचं. त्याआधी त्यांनी पाय उचलायचा नाही. उचलला तर पेडल वर येताना निपलमधून हवा आत खेचली जाते, आणि मग तुम्ही हवा काढत नाही, भरत बसता. दोघांनी ही भाषा आधी ठरवून घ्या आणि कामाच्या मध्ये दुसरं काही बोलू नका.

पेडल तळापर्यंत आपटायचं नाही. वरच्या सिलिंडरमध्ये जिथे रबर कधी जात नाही तिथे गंज असू शकतो, असं वर लिहिलंच आहे. त्या खरखरीत भागावरून रबर ओढलं की फाटतं, आणि चांगला चालणारा सिलिंडर ऑइल बदलल्यावर गळायला लागतो. पेडलखाली लाकडाचा एक ठोकळा ठेव, म्हणजे पाय नेहमीच्या चालीपेक्षा खोल जाणार नाही. चार-पाच वेळा दाबून झालं की डबा बघायचा, भरायचा, मग पुढे. तू खाली असशील, म्हणून डब्याची जबाबदारी सौरभरावांची. ती तोंडी नको, प्रत्येक वेळी पातळी त्यांनी वाचून सांगावी.

आधी काळं येईल, मग गढूळ, मग स्वच्छ. स्वच्छ यायला लागलं तरी लगेच थांबू नकोस, आणखी थोडं जाऊ दे, सिलिंडरच्या कोपऱ्यातली घाण मागाहून येते. नळीत बुडबुडे दिसत असतील तर ते संपेपर्यंत चालू ठेव.

कधी असं होतं की ऑइल स्वच्छ येतं, बुडबुडे दिसत नाहीत, तरी पेडल मऊच राहतं. नळी जिथे वर जाऊन वळते तिथे हवा अडून बसते, आणि पेडलच्या जोरानं ती खाली उतरत नाही, कारण हवेला वर जायचं असतं. तेव्हा तिला तिच्या वाटेनं जाऊ द्यावं. सिरिंजमध्ये ताजं ऑइल भर, नळीतली हवा आधी काढून टाक, निपलला जोड, निपल उघड आणि सावकाश खालून वर ढकल. वर डब्यात बुडबुडे फुटताना दिसतील. डबा ओसंडू नये म्हणून आधी थोडं ऑइल काढून जागा करून ठेव. जुन्या मर्सिडीजवर काम करणारे यासाठी पुढच्या चाकाच्या ब्रेकच्या निपलपासून क्लचच्या निपलपर्यंत नळी जोडतात आणि ब्रेकचं पेडल मारून ऑइल वर चढवतात. ती रीत उत्तम आहे, पण तिच्यात ब्रेक उघडावा लागतो. पहिल्या वेळी तू ती करू नकोस, सिरिंजनं कर.

क्रम मात्र उलटा करू नकोस. काही जण सुरुवातीलाच खालून वर ढकलतात, कारण ते सोपं आणि एकट्याला जमण्यासारखं असतं. तसं केलं तर खालच्या सिलिंडरमधलं सगळं काळं ऑइल वरच्या डब्यात जातं, आणि तो डबा ब्रेकचाही आहे. आधी वरून खाली काढून घाण बाहेर, आणि हवा राहिलीच तर मगच खालून वर.

सगळं झालं की निपल बेताचा घट्ट कर, लहान पान्यावर मनगटाचा जोर पुरे. टोपी बसव. पातळी खुणेपर्यंत आण, झाकण लाव. इंजिन सुरू करायच्या आधी ब्रेकचं पेडल दाबून बघ. ते नेहमीसारखं कडक असलं पाहिजे. किंचितही मऊ वाटलं, तर तुझं काम तिथे संपलं. गाडी मेकॅनिककडे जाईल, आणि तीही ट्रकवर चढून जाईल. ब्रेक नीट असेल तर ठोकळे न काढता, ब्रेकवर पाय ठेवून इंजिन सुरू कर, क्लच पुरा दाब, दोन-तीन सेकंद थांब आणि रिव्हर्स टाक. आवाज न करता पडला तर ठोकळे काढून अंगणातल्या अंगणात पुढे-मागे करून बघ. मग तापू दे, आणि तापल्यावर पुन्हा रिव्हर्स टाकून बघ, कारण तुझी तक्रार तापल्यावरचीच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तीन ठिकाणी बघायचं. डब्यातली पातळी, खालच्या सिलिंडरचा रबरी बूट, आणि गाडीच्या आत पेडलच्या वरच्या बाजूला वरच्या सिलिंडरचा दांडा. तिथे ओल लागली, किंवा पायाखालच्या गालिच्याला चिकट डाग दिसला, तर सिलिंडरचं रबर गेलेलं आहे. त्यावर ऑइल भरत राहणं हा उपाय नाही. सिलिंडर बदल, आणि जुन्या गाडीत वरचा एक बदलताना खालचाही बदलणं मला बरं वाटतं, कारण नव्याचा जोर जुन्याला सोसवत नाही असं मी पुष्कळदा पाहिलं आहे. खालचा सिलिंडर काढलेला असताना कुणी पेडल दाबायचं नाही, पिस्टन बाहेर उडतो.

तुझी मैत्रीण नव्या डुकाटोतून फिरते असं म्हणाली होतीस. हे पत्र तिला जसंच्या तसं देऊ नकोस. कित्येक नव्या गाड्यांत खालचा सिलिंडर गिअरबॉक्सच्या आत बेअरिंगभोवती बसवलेला असतो, आणि एबीएसच्या युनिटमध्ये हवा गेली तर ती काढायला कॉम्प्युटर जोडावा लागतो. तिनं आपल्या गाडीचं पुस्तक उघडावं.

निघालेलं ऑइल झाकण घट्ट लावून वेगळ्या बाटलीत ठेव, वर नाव लिही. इंजिन ऑइलमध्ये मिसळू नकोस, गटारात तर नाहीच. नगरपालिकेच्या घातक कचरा घेणाऱ्या केंद्रावर नेऊन दे.

शनिवारी सुरू करण्याआधी मला निपलचा आणि डब्याचा जवळून काढलेला फोटो पाठव, त्या क्लचच्या नळीचं तोंड दिसेल असा. तुमचे सकाळचे नऊ म्हणजे सध्या इथले दुपारचे साडेबारा. मी जेवण उशिरा करीन, फोनजवळच आहे.

सौरभरावांना आशीर्वाद.

तुझा,
विलासमामा